न दुखणारा डोळा

गिरणीवाल्याला कमी ऐकू येतं यात कुणालाच नवल वाटत नाही. मलाही वाटलं नाही. पुण्याच्या वारज्यात गेली सव्वीस वर्षं माझी पिठाची गिरणी आहे. सकाळी मोटर सुरू झाली की गिऱ्हाइकं माझ्याशी ओरडून बोलतात, मी त्यांच्याशी ओरडून बोलतो, आणि घरी गेल्यावर बायको सांगते, गिरणी बंद झाली, आता हळू बोला. त्यामुळे उजव्या कानाला फोन लावल्यावर पलीकडचा माणूस पुटपुटतोय असं वाटायला लागलं, तेव्हा मी फोन डाव्या कानाला लावायला लागलो आणि विषय संपवला.

हे लिहायला मला डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं. कानामागची गाठ काढलेले पेशंट त्यांच्याकडे येतात आणि बरेचसे उशिरा येतात. आम्ही सांगितलं की लोकांना वाटतं भीती घालतोय, तुम्ही लिहा, असं त्या म्हणाल्या. डब्यांवर नावं आणि त्याखाली ‘जाडसर’ किंवा ‘बारीक’ यापलीकडे मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. पण झालं ते सांगायला फार अक्कल लागत नाही. ती आधी लागत होती.

धीर देणारं इथे फारसं सापडणार नाही, हेही सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

उजवा कान

गिरणी चालवायला कान लागतो. दगडाचे पाट बोथट झाले की आवाज जड होतो, वरचं धान्य संपत आलं की तोच आवाज मोकळा होतो. गिऱ्हाइकाशी पाठ फिरवून बोलत असलो तरी मला ते कळायचं. मग हळूहळू कळेनासं झालं. दोनदा पाट रिकामे फिरून पिठाला जळका वास लागला. तो वास वंदनाला, म्हणजे माझ्या बायकोला आधी आला. ती दुपारनंतर गिरणीवर येते.

समोरच्या सोसायटीत कुलकर्णी काकू राहतात, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी एकदा डबा उघडून पाहिला आणि म्हणाल्या, “ज्वारी वेगळी आणि नाचणी वेगळी, असं मी दोनदा सांगितलं होतं. तुम्हाला ऐकू येत नाही, की ऐकायचं नाही?” मी म्हटलं, काकू, गिरणीवाल्याचा कान आहे. त्यावर त्या म्हणाल्या की मग पाटी लावा तशी, म्हणजे आम्ही लिहून आणू.

पुढे तोल जायला लागला. गव्हाचं पोतं घेऊन वळलो की मी उजवीकडे कलायचो. जवळच्या डॉक्टरांनी चक्कर थांबायच्या गोळ्या दिल्या, त्या मी दोन वर्षं खाल्ल्या. दुखणं अंगावर काढलं असं म्हणायलाही जागा नाही, कारण दुखत काहीच नव्हतं.

शेवटी अश्विनी मला धरून कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ती आमची एकुलती एक मुलगी. आयटीत आहे, लग्न होऊन पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरीला राहते. डॉक्टरांनी कानाची तपासणी केली आणि विचारलं की बाकी काही त्रास? मी म्हटलं, काही नाही, गिरणी आहे ना माझी.

“गिरणीचा आवाज काय फक्त उजव्या कानाला ऐकू येतो का?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मोटर उजव्या हाताला आहे. ते हसले, मी पण हसलो, आणि मग त्यांनी एमआरआय लिहून दिला.

साधी गाठ

रिपोर्ट घेऊन आम्ही तिघं शहरातल्या मोठ्या रुग्णालयात सर्जनसमोर बसलो. ते हळू बोलत होते, म्हणून मी डावा कान पुढे करून वाकडा बसलो होतो. त्यांनी पडद्यावर दाखवलं. ऐकण्याच्या नसेवर गाठ आहे, छोट्या लिंबाएवढी, आत मेंदूला टेकलेली. साधी गाठ आहे, कॅन्सर नाही.

वंदनाने पदर डोळ्यांना लावला. अश्विनी म्हणाली, “बाबा, बिनाइन आहे. बेस्ट केस आहे ही.” आमचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर सर्जन आणखी बराच वेळ बोलले. उजव्या कानाचं ऐकणं जाणार. चेहऱ्याची नस गाठीला चिकटलेली आहे, ती वाचवायचा प्रयत्न करू, पण चेहरा वाकडा होऊ शकतो. डोळा मिटणार नाही असं होऊ शकतं. गालाची, डोळ्याची जाणीव कमी होऊ शकते. त्यांनी सगळं सांगितलं होतं, माझी कुणाबद्दल तक्रार नाही. पण कॅन्सर नाही हे एकदा कानावर पडल्यावर बाकीचं आम्ही मान डोलवत ऐकलं, लग्न ठरल्यावर पुढची बोलणी ऐकतात तसं. मी सही केली.

बाहेर येऊन गाडीवर चहा घेतला, वर भजी खाल्ली. वंदना नेहमी माझ्या तेलकट खाण्यावर बोलते, त्या दिवशी तिनेच दुसरी प्लेट मागवली. त्या दिवशीच्या आम्हा तिघांची मला कीव येत नाही, हेवा वाटतो.

मिटले की

डिसेंबरात ऑपरेशन झालं. सकाळी आत नेलं ते संध्याकाळी बाहेर काढलं, असं नंतर कळलं. मला आठवतं ते दुसऱ्या दिवसापासून. डोकं बांधलेलं, उजवीकडे सगळं शांत, आणि छताचा पंखा बंद असूनही फिरल्यासारखा.

एक केरळची सिस्टर होती, मराठी छान बोलायची. ती म्हणाली, काका, डोळे मिटा. मी मिटले. ती परत म्हणाली, काका, मिटा ना.

“मिटले की,” मी म्हणालो.

माझ्या पापण्या घट्ट आवळलेल्या होत्या, मला स्वतःला तसं जाणवत होतं, आणि तरीही ती मला समोर दिसत होती. तिच्या हातातली ट्यूब दिसत होती. मग तिने तर्जनीने माझी उजवी पापणी हलकेच खाली ओढून धरली, तेव्हा अंधार झाला. त्या क्षणी मला जी भीती वाटली ती ऑपरेशनला जाताना वाटली नव्हती.

गाठ पूर्ण निघाली होती. चेहऱ्याची नस तुटली नव्हती, पण झोपली होती. ती कधी उठेल ते सांगता येत नाही, सहा महिने, वर्षही, असं सर्जन म्हणाले. मी आरसा मागितला. उजवा गाल खाली ओघळलेला, तोंड डावीकडे ओढलेलं, आणि उजवा डोळा टक्क उघडा. अश्विनी म्हणाली, टेम्पररी आहे बाबा. मग बाथरूमला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

वॉर्डातला दिवस ठरलेला असायचा. पहाटे ताप आणि बीपी, मग स्पंज, मग नाष्टा. त्यातला अर्धा नाष्टा उजव्या गालफडात अडकायचा आणि तो बोटाने काढावा लागायचा. मग फिजिओथेरपीची मुलगी येऊन आरशासमोर ‘आ, ई, ऊ’ करायला लावायची. डावी बाजू करायची, उजवी बघत बसायची. शेजारच्या खाटेवर हडपसरकडचे एक पाटील होते, मणक्याच्या ऑपरेशनचे. ते रोज सकाळी माझ्याकडे निरखून बघायचे आणि ‘आज बरं हाय जरा कालच्यापेक्षा’ असं सांगायचे. काही बरं नव्हतं. पण हे खोटं रोज न चुकता सांगणारा माणूस मिळाला, हेही काही कमी नाही.

घरी सोडताना डोळ्यांच्या मॅडम येऊन गेल्या. दर तासाला थेंब, दिवसातून चारदा जेल, झोपताना मलम लावून पापणी चिकटपट्टीने बंद. बाजूने बंद असलेला चष्मा. पिठात सहा महिने पाऊल टाकायचं नाही. डोळ्याला काहीही वाटलं तर लगेच या, असंही त्या म्हणाल्या.

ते ‘काहीही वाटलं तर’ मी मनात पक्कं धरून ठेवलं. मी वाटायची वाट बघत बसलो.

दर तासाला

थेंब टाकणं माझं मला जमेना. डोळा, गाल, सगळी उजवी बाजू बधिर. थेंब डोळ्यात पडला की गालावर, तेच कळायचं नाही. आरशात बघून टाकायला गेलो तर तोल जायचा. निम्मी बाटली शर्टावर सांडल्यावर वंदनाने ती माझ्या हातातून घेतली.

पण वंदना गिरणीवर, आणि घर दोन गल्ल्या सोडून. पहिले दहा दिवस ती दर तासाला मोटर बंद करून धावत घरी आली. मग मीच गिरणीवर जायला लागलो. आत नाही, मॅडमनी नाही सांगितलं होतं. बाहेर फुटपाथवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचो, चष्मा लावून. तास झाला की वंदना हात धुऊन बाहेर यायची, माझी मान मागे करायची, थेंब टाकून परत आत जायची. येणारी-जाणारी माणसं बघायची. सव्वीस वर्षं ज्या दुकानात मी उभा होतो त्याच्या दारात मी डबा नंबरला लावल्यासारखा बसलेला असायचो.

माझा स्वभाव आधीच तापट. आता तर काहीच हातात नव्हतं, त्यामुळे तोंड जास्त चालायला लागलं. खुर्चीत बसून मी तिच्या चुका काढायचो. पाट जास्त आवळलेत, पीठ गरम येतंय, भाजणी आधी घ्यायला नको होती. एक दिवस गिऱ्हाइकांसमोर मी म्हणालो की बाईमाणसाला गिरणी जमत नाही ती नाहीच. तिने मोटर बंद केली. बाहेर आली, थेंब टाकले, बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाली, “तीन महिने मी अंघोळसुद्धा घड्याळ लावून करते आहे. मला आणखी एक शब्द ऐकायची ताकद नाही.” परत आत जाऊन तिने मोटर सुरू केली. मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गप्प बसलो. माफी मागितली नाही. ती अजूनही मागायची राहिली आहे.

तिखट

मार्चच्या शेवटी तिखटाचा हंगाम सुरू होतो. गिरणीत एका कोपऱ्यात मिरची कांडायचं यंत्र आहे. वर्षाचं तिखट करून घ्यायला बायका उन्हात वाळवलेल्या मिरच्या घेऊन रांगेत उभ्या असतात. त्या दिवशी रांग फुटपाथवर माझ्या खुर्चीपर्यंत आली होती, आणि वंदना एकटी. गव्हाच्या गिरणीचा पट्टा घसरला म्हणून तिने आतून हाक मारली. मी उठून आत गेलो. एकदा आत गेलो ते तासभर तिथेच राहिलो. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. हात पिठात गेले, अंगठ्याने पीठ चोळून बघितलं, आणि मी परत माणसात आलो.

मिरची सुरू होती. ज्याने गिरणीत मिरची कांडताना बघितली नाही त्याला ते सांगून कळणार नाही. रांगेतल्या सगळ्या बायका शिंकत होत्या. कुलकर्णी काकूंनी नाकावर रुमाल बांधला होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. वंदनाचे डोळे लालभडक. माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. आणि उजवा डोळा कोरडा ठणठणीत, शांत.

आमच्या धंद्यात माणूस किती मुरलाय ते तिखटाच्या दिवशी कळतं. नवखा माणूस पाच मिनिटांत बाहेर पळतो. माझे वडील मिरची कांडताना डोळ्याची पापणी न हलवता उभे राहायचे, आणि आम्हा भावांना त्याचा अभिमान होता. मी रांगेकडे वळून चष्मा काढला आणि म्हणालो, “बघा, सगळ्यांत पक्का डोळा कुणाचा? हा उजवा. ऑपरेशननंतर नवा करकरीत झालाय.”

बायका हसल्या. काकू रुमालाआडून म्हणाल्या की मग दुसऱ्याचंही ऑपरेशन करून घ्या. वंदनासुद्धा हसली, डोळे पुसत पुसत, ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा. आम्हाला दोघांनाही खरंच वाटलं की डोळा सुधारला. सांगायची गोष्ट ही, की आम्ही त्या दिवशी आनंदात होतो.

डोळा पक्का झालेला नव्हता. त्याला काही कळतच नव्हतं. तिखट, पीठ, वारा, सगळं त्याच्यावर बसत होतं. मिटून घ्यायला त्याला पापणी नव्हती, धुऊन काढायला पाणी नव्हतं, आणि ओरडायला दुखणं नव्हतं.

पीठ

तीन दिवसांनी रविवार होता. अश्विनी जेवायला आली होती. ताटावर बसल्या बसल्या ती माझ्याकडे बघत राहिली.

“बाबा, तुमच्या डोळ्यात काहीतरी पांढरं आहे. काळ्या भागावर.”

मी म्हटलं, पीठ असेल. आयुष्यभर माझ्या पापण्यांत, भुवयांत, कानात पीठ असतं, त्यात विशेष काय. ती म्हणाली, पीठ नाही वाटत, डॉट आहे, नीट राउंड. डोळा लालही होता, पण तो तर रोजच लाल असायचा. मी उठलो, मोरीवर गेलो, रुमालाचं टोक ओलं केलं आणि आरशात बघत तो ठिपका पुसायला लागलो. रव्याच्या कणाएवढा होता. एकदा पुसला, दोनदा पुसला. जाईना. मग जरा दाबून पुसला.

वंदना मागे येऊन उभी राहिली होती. आम्ही दोघं मूळचे अकोल्याकडचे. तीस वर्षांत तिची भाषा पुण्याची झाली आहे, पण जीव घाबरा झाला की अकोला परत येतं.

“काय करून राहिले हो तुम्ही?” ती म्हणाली. “डोळ्याले कापड लावून राहिले, आन् तुम्हाले काहीच होत नाही?”

माझा हात तिथेच थांबला. रुमालाचं टोक माझ्या बुबुळावर टेकलेलं होतं. आरशात मला ते दिसत होतं. मला काहीही लागत नव्हतं. एवढ्या दिवसांत मला पहिल्यांदा समजलं की हा डोळा माझ्या चेहऱ्यावर आहे, पण माझ्याकडे नाही.

आम्ही जेवण तसंच टाकून रिक्षाने निघालो. स्वारगेटच्या चौकात नेहमीसारखी गर्दी तुंबलेली, धूळ आणि धूर. वंदनाने पूर्ण वेळ माझ्या उजव्या डोळ्यावर तिचा तळहात वाटीसारखा धरून ठेवला होता, न टेकवता. तिचा हात अवघडला होता. तरी मी तिला हात खाली घे म्हणत नव्हतो.

टाके

रविवार असूनही मॅडम आल्या. त्यांनी कापसाची बारीक वात करून आधी डाव्या डोळ्याला टेकवली, मी दचकून मागे झालो. मग त्या म्हणाल्या, आता उजव्याला. मी म्हटलं, टेकवा. त्या म्हणाल्या, टेकवली.

बुबुळावर जखम झाली होती आणि तिच्यात जंतू शिरले होते. किती दिवसांपासून, मॅडमनी विचारलं. मला सांगता येईना. दुसऱ्या कुणाला अशी जखम झाली असती तर तो पहिल्याच दिवशी भिंतीवर डोकं आपटत आला असता, असं त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

भरती केलं. दर अर्ध्या तासाला दोन प्रकारचे थेंब, दिवसरात्र. वंदना आणि सिस्टर पाळी लावून टाकायच्या. मी करायचं काय, तर उताणं पडून राहायचं. माझं शरीर, माझा डोळा, आणि त्या सगळ्या प्रकरणात माझं काही कामच नाही. चांगलं वाटतंय का, असं मला कुणी विचारायचंही नाही, कारण माझ्या उत्तराला अर्थ नव्हता. डॉक्टर दिव्याच्या यंत्रातून बघायच्या आणि मला सांगायच्या की आज माझा डोळा कसा आहे.

जंतू आटोक्यात आले, पण जखम भरेना. मग मॅडम म्हणाल्या की पापण्या शिवून टाकाव्या लागतील. नस जागी होईपर्यंत, कदाचित कायमच्या. डोळा आत झाकून ठेवला तर तग धरेल. नाहीतर बुबुळाला भोक पडेल आणि डोळाच जाईल. मी विचारलं, बुबुळ बदलता येत नाही का? लोकांची बदलतात की.

“ज्या डोळ्याला दुखत नाही, तो नवं बुबुळही सांभाळत नाही,” त्या म्हणाल्या.

पापणी बधिर करायचं इंजेक्शनसुद्धा मला फारसं जाणवलं नाही. वरची पापणी खालच्या पापणीला शिवली, वंदना पोत्याचं तोंड शिवते तशी. बाहेर आल्यावर मी रडलो. डाव्या डोळ्यातून पाणी आलं, उजवीकडे काहीच नाही. रडणंसुद्धा अर्धंच झालं.

गिरणी तीन आठवडे बंद होती. आम्ही परत आलो तेव्हा कुलकर्णी काकू थालीपिठं घेऊन घरी आल्या. माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं, मग म्हणाल्या की दुसऱ्या गिरणीचं पीठ फारच चांगलं येतं, सवय नसल्यामुळे त्रास झाला. बराच वेळ बसल्या. निघताना दारात वंदनाचा हात हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग डबा परत करायचा नाही असं बजावून गेल्या.

फूल

पाच महिन्यांनी मधले टाके काढले, कडेचे ठेवले. आता माझा उजवा डोळा चिरेएवढा उघडा असतो. जखम भरली, पण तिच्या जागी बुबुळावर पांढरा डाग राहिला. त्याला आमच्याकडे डोळ्यात फूल पडलं म्हणतात. असल्या गोष्टीला इतकं सुंदर नाव कुणी दिलं कुणास ठाऊक. त्या डोळ्याने मला खिडकी कुठे आहे ते कळतं, खिडकीत कोण उभं आहे ते कळत नाही.

चेहऱ्याची नस थोडी जागी झाली आहे. उजव्या ओठाचं टोक हलतं. बुबुळाची जाणीव मात्र आलेली नाही, आणि येईल असं आता कुणी म्हणत नाही.

गिरणी वंदना चालवते. मी कधी फुटपाथवर बसतो, कधी घरी. रोज सकाळी ती मला खिडकीजवळ बसवते, टॉर्च घेते, खालची पापणी ओढते आणि बघते. डागाभोवती नवीन पांढरं काही दिसतंय का, लाली वाढलीय का. मी डाव्या डोळ्याने तिचा चेहरा बघत असतो, कारण माझ्या उजव्या डोळ्याची बातमी मला तिथूनच मिळते. “ठीक आहे,” असं म्हणून ती टॉर्च बंद करते आणि मी श्वास सोडतो. मग आमचा दिवस सुरू होतो.

ज्यांची अशी गाठ निघाली आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. दुखायची वाट बघू नका. घरातल्या कुणालातरी रोज डोळ्यात बघायला सांगा, आणि ते माणूस जे सांगेल ते ऐका, तुम्हाला काय वाटतंय याला किंमत देऊ नका. हे कबूल करायला मला फार जड गेलं. अजून जातं.

डोळा सात महिने शांत आहे, असं लिहून मी इथे संपवणार होतो. तेवढं वाक्य काल लिहूनही ठेवलं होतं.

आज सकाळी वंदनाने टॉर्च लावला, बघितलं, बंद केला. परत लावला. मी विचारलं, काय? हलू नका, ती म्हणाली. तिसऱ्यांदा बघितल्यावर तिने माझा शर्ट आणून माझ्या मांडीवर ठेवला आणि रिक्षा बघायला खाली गेली.

हे मी रुग्णालयाच्या बाकावर बसून लिहितो आहे. आमचा नंबर यायला अजून वेळ आहे. वंदना शेजारी बसून आत जाणारी माणसं मोजते आहे. पलीकडे एक बाई मोतीबिंदूसाठी आल्या आहेत, चेहऱ्याने मायाळू आहेत. मघापासून माझ्या डोळ्याकडे बघत होत्या. आत्ता त्यांनी न राहवून विचारलं, “फार दुखतंय का हो?”

मी म्हटलं, नाही, काहीच दुखत नाही.

“मग बरं आहे,” त्या म्हणाल्या.